प्लग-इनच्या मागे धावू नका, आधी कंपोझिटिंग शिका!

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न हल्ली हमखास कानावर येतो. मुलाला कॉम्प्युटरचा नाद आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची क्लिप तो जुन्या लॅपटॉपवर अशी काही सजवतो, की सारी वस्ती ती मोबाईलवर फिरवते. मुलगी भीमगीतांच्या ओळी पडद्यावर तालात हलवते. मग यांना ‘व्हीएफएक्स’चा कोर्स लावावा काय? फी काही लाखांच्या घरात. बाप रिक्षा चालवतो, आई अंगणवाडीत मदतनीस. पतपेढीचे कर्ज काढावे लागणार. माहितीपत्रकावर सॉफ्टवेअरच्या नावांची रांग, हॉलिवूडच्या चित्रपटांची चित्रे आणि ठळक टाइपात ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द. डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे असेल तर नात्यागोत्यात विचारायला आता कोणीतरी सापडते. या धंद्यातला माणूस मात्र बहुतेक घरांत अजून नाही. त्यामुळे माहितीपत्रकालाच मार्गदर्शक मानण्याची पाळी येते.

ही माहितीपत्रके सॉफ्टवेअर विकतात, आणि मुले प्लग-इनच्या मागे धावतात. अमुक प्लग-इन मिळाले की आग लावता येते, तमुक मिळाले की अक्षरे सोन्याची होतात, अशी त्यांची समजूत असते. दोन वर्षे यात जातात. मुलाखतीत मात्र एक साधा शॉट पुढे ठेवला जातो आणि विचारले जाते, या माणसाच्या केसांच्या कडेला काळी रेघ का दिसते? तेथे कोणतेही प्लग-इन उत्तर देत नाही. या धंद्यात ज्ञान कशाला म्हणायचे आणि अवजार कशाला, हा फरक ज्या घराला वेळेवर कळेल त्या घराचे पैसेही वाचतील आणि मुलाचे उमेदीचे दिवसही.

काम नेमके काय?

कंपोझिटिंग म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी तयार झालेले चित्रांचे तुकडे असे जोडणे, की ते एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी टिपले असे वाटावे. नट गोरेगावच्या स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढे उभा असतो. मागचा डोंगर दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो, धूर तिसरीकडचा, कोसळणारी इमारत कॉम्प्युटरवर बनवलेली. हे सारे एकत्र आणणारा माणूस म्हणजे कंपोझिटर. मोशन ग्राफिक्स हे त्याचे भावंड आहे. वृत्तवाहिनीची शीर्षके, निवडणुकीच्या निकालाचे हलते आकडे, जाहिरातीतील अक्षरे, गाण्याचे शब्द हा त्याचा प्रांत. मोशन ग्राफिक्सचे काम दिसावे यासाठी केलेले असते. कंपोझिटिंगचे काम दिसले की फसले. पण दोन्हींच्या तळाशी एकच गणित आहे, आणि ते सातवी-आठवीतल्या मुलाला समजेल इतके सोपे आहे.

आपल्याच मातीतला दाखला

हे काम परदेशातून कॉम्प्युटरसोबत आले असा समज आहे. तो चुकीचा आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटांत एकाच फिल्मवर पुन्हा चित्रण करण्यासारख्या युक्त्या वापरल्या होत्या. फिल्मचा एक भाग झाकायचा, दुसऱ्यावर चित्र घ्यायचे, फिल्म मागे फिरवायची, झाकलेला भाग उघडायचा आणि त्यावर दुसरे चित्र घ्यायचे. आजच्या भाषेत झाकणाऱ्या त्या काळ्या तुकड्याला ‘मॅट’ म्हणतात. जगभर शंभर वर्षांपूर्वीपासून हीच पद्धत होती.

त्याहून बोलका दाखला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा. मिस्त्री आडनावाच्या, कारागिराच्या घरातला हा माणूस. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा आनंदराव आणि बाबूराव या चुलतभावांनी कॅमेरा घरीच बनवण्याचा घाट घातला. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाले. बाबूरावांनी काम सोडले नाही आणि १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा उभा केला. पुढे ‘सैरंध्री’ (१९२०) सारखे चित्रपट त्यांच्या कंपनीने काढले. अवजार नव्हते म्हणून हे लोक थांबले नाहीत. त्यांना क्रिया कळलेली होती, म्हणून ते अवजार घडवू शकले. ज्याला फक्त अवजाराचे बटण ठाऊक आहे तो मात्र बटण बदलले की रस्त्यावर येतो.

चौथ्या आकड्याची गोष्ट

कॉम्प्युटरवरचे चित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी त्यात चौथा आकडा घातला. ही चौकट किती झाकते आणि किती आरपार दिसू देते, हे सांगणारा हा आकडा म्हणजे ‘अल्फा’. शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, एक म्हणजे पूर्ण अपारदर्शक. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे नियम गणिताच्या रूपात मांडले. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने १९९६ मध्ये या चौघांचा या कामासाठी तांत्रिक पुरस्कार देऊन गौरव केला. आज जगातील प्रत्येक कंपोझिटिंग सॉफ्टवेअर याच नियमांवर चालते.

नियम असा. केसाची बट आकाशावर ठेवायची आहे. बटेच्या कडेच्या चौकटीचा अल्फा ०.२५ आहे. मग त्या चौकटीत केसाच्या रंगाचा पाव हिस्सा आणि मागच्या आकाशाचा पाऊण हिस्सा यांची बेरीज येते. आता वर विचारलेल्या काळ्या रेघेचे उत्तर पाहा. काही चित्रांत रंग अल्फाने आधीच गुणलेला असतो. कामगाराने तो पुन्हा गुणला, तर पाव हिश्शाचा पाव हिस्सा उरतो, कडा काळवंडते आणि माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. हे ज्याला उमगले तो दोन मिनिटांत दोष दूर करतो. ज्याला उमगले नाही तो कडा साफ करणारे प्लग-इन शोधत बसतो आणि दोषावर मलमपट्टी करतो.

शिकण्याचा क्रम

पहिली पायरी पाहण्याची. तिला एक पैसाही लागत नाही. दुपारच्या उन्हात सावली किती गडद असते, ढगाळ दिवशी ती कोठे जाते, दूरचा डोंगर जवळच्या झाडापेक्षा फिका आणि निळसर का दिसतो, रात्रीच्या फोटोत दाणे का उठतात, हे निरखणे म्हणजे कंपोझिटिंगचा पहिला धडा. जोडलेले चित्र खोटे वाटते त्याची कारणे बहुधा येथेच असतात: मागच्या चित्रातले काळे जितके काळे आहे त्याहून पुढच्या माणसाचे काळे अधिक गडद, उजेड डावीकडून आणि सावलीही डावीकडे, मागे दाणा आणि पुढे गुळगुळीत. साधा मोबाईल कॅमेरा ही या अभ्यासाची वही आहे.

दुसरी पायरी रोटोची. चित्रातील माणसाची बाह्यरेषा चौकटीमागून चौकट आखून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळे करणे म्हणजे रोटो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चित्रे. नवखा मुलगा सबंध माणसाभोवती एकच रेषा काढतो आणि प्रत्येक चित्रात ती ओढत बसतो. कडा थरथरू लागते. जाणकार दंड, कोपरापुढचा हात, पंजा, मान, डोके असे वेगवेगळे आकार करतो, हालचाल जिथे सुरू होते, थांबते आणि वळते तेवढ्याच चित्रांवर आकार पक्के करतो. म्हणजे रोटो शिकणे हे शरीराची हालचाल शिकणे आहे.

तिसरी पायरी कीइंगची, म्हणजे हिरवा किंवा निळा पडदा काढून टाकण्याची. पेट्रो व्लाहोस या अमेरिकन अभियंत्याने ‘बेन-हर’ (१९५९) च्या काळात निळ्या पडद्याची जी पद्धत बसवली, तिचा गाभा आजही तोच आहे: एका रंगाची दुसऱ्याशी तुलना करून फरकातून मॅट काढायचा. येथेही एक बटण दाबून काम होत नाही. अंगाच्या मधल्या भागासाठी एक घट्ट मॅट, केसांच्या कडेसाठी दुसरा मऊ मॅट, आणि पडद्याची जी हिरवी झाक गालावर पडते ती काढण्याचा वेगळा उपाय, असे तीन भाग करावे लागतात. पडद्यावर उजेड नीट पडलेला नसेल तर सर्वांत महागडे साधनही हात टेकते.

चौथी पायरी ट्रॅकिंगची आणि पाचवी रंग जुळवण्याची. कॅमेरा हलतो तसा जोडलेला तुकडाही हलला पाहिजे, हे ट्रॅकिंग. रंग जुळवताना सबंध चित्राकडे न पाहता लाल, हिरवा, निळा असे एकेक पाहावे. चूक लगेच सापडते. येथे एक गोष्ट शिकवणीत अनेकदा सुटून जाते. कॉम्प्युटरच्या साठवलेल्या चित्रात उजेडाचे आकडे सरळ प्रमाणात नसतात. ० ते २५५ या नेहमीच्या मापात निम्म्या उजेडाचा आकडा १२८ नसून सुमारे १८८ असतो. म्हणून दोन उजेड मिसळण्यापूर्वी आकडे सरळ प्रमाणात आणावे लागतात. धंद्यात याला ‘लिनिअर’मध्ये काम करणे म्हणतात.

प्लग-इनची पारख

आता प्लग-इनकडे वळू. प्लग-इन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडलेले जादा अवजार. ते वाईट नाही. धंद्यात वेळ म्हणजे पैसा असतो आणि चांगले प्लग-इन तासांचे काम मिनिटांत करते. प्रश्न केव्हा घ्यावे आणि कोणते, हा आहे.

‘ग्लो’चे उदाहरण घेऊ. दिव्याभोवती उजेडाचे वलय दाखवण्यासाठी मुले महागडी प्लग-इन शोधतात. मुळात वलय बनते कसे? चित्रातला फक्त लखलखीत भाग वेगळा काढायचा, त्याच्या तीन-चार प्रती करायच्या, एक थोडी धूसर, दुसरी जास्त, तिसरी त्याहून जास्त, आणि या प्रती मूळ चित्रात मिळवायच्या. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्ट ८ बिटवर असेल तर प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच मिळतात आणि वलय फाटल्यासारखे दिसते. तोच प्रोजेक्ट ३२ बिटवर आणि लिनिअरमध्ये नेला, की सॉफ्टवेअरमधल्या साध्या साधनांनीही ते देखणे उमटते. ज्याने हे एकदा हाताने केले त्याला पुढे प्लग-इन घेतले तर त्यातल्या प्रत्येक बटणाचा अर्थ कळतो. म्हणून पहिला नियम असा: जे काम एकदाही हाताने केले नाही, त्याचे प्लग-इन घेऊ नये.

दुसरा नियम: जे घरात आहे ते आधी पाहावे. आफ्टर इफेक्ट्ससोबत ‘कीलाइट’ हे कीइंगचे मुरलेले साधन येते, ट्रॅकिंगसाठी ‘मोका’ची आवृत्ती येते, ‘सायकोर’चे कितीतरी इफेक्ट येतात. ‘व्हिडिओ कोपायलट’चे ‘सेबर’ हे झगमगत्या रेषांचे आणि अक्षरांचे प्लग-इन २०१६ पासून मोफत मिळते. हे न उघडताच मुले पैशाच्या प्लग-इनची यादी करतात.

तिसरा नियम: प्लग-इन कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये चालते ते विचारावे. आफ्टर इफेक्ट्ससाठी बनवलेले प्लग-इन न्यूकमध्ये चालत नाही. ‘ओपन एफएक्स’ नावाचे एक खुले मानक आहे. त्यानुसार बनलेली प्लग-इन न्यूक, दा विंची रिझॉल्व्ह, नॅट्रॉन अशा अनेक सॉफ्टवेअरमध्ये बसू शकतात. आज आफ्टर इफेक्ट्स शिकणारा उद्या चित्रपटाच्या स्टुडिओत गेला तर तेथे त्याला बहुधा न्यूक मिळेल. ज्याची सारी कला एकाच सॉफ्टवेअरच्या प्लग-इनमध्ये अडकली आहे, त्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

चौथा नियम: किंमत एकदाच की दर महिन्याला, ते पाहावे. अॅडोबी कंपनीने २०१३ पासून आपली सॉफ्टवेअर वर्गणीच्या पद्धतीकडे नेली. अनेक प्लग-इन कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. वर्गणी थांबली की साधन बंद आणि जुने प्रोजेक्टही नीट उघडेनासे होतात. आपण प्रोजेक्टची फाइल दुसऱ्या कलाकाराला किंवा गिऱ्हाईकाला देणार असू तर त्याच्याकडेही तेच प्लग-इन लागते, हेही लक्षात ठेवावे.

पाचवा नियम आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. अक्षरे हलवणारी बहुतेक प्लग-इन इंग्रजी लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहेत. ती एकेक अक्षर सुटे करून उडवतात. इंग्रजीत ते चालते. मराठीत ‘शिक्षण’मधली वेलांटी जागा सोडून मागे जाऊन बसते आणि ‘बुद्ध’मधले जोडाक्षर फुटून मधोमध पाय मोडलेला ‘द्’ उभा राहतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली असा मोडका शब्द झळकलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. म्हणून कोणतेही टेक्स्ट प्लग-इन किंवा तयार टेम्प्लेट घेण्यापूर्वी त्यात ‘शिक्षण’, ‘बुद्ध’, ‘राष्ट्र’, ‘हक्क’ हे शब्द लिहून पाहावेत. फॉन्ट युनिकोडचाच घ्यावा. ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘नोटो सॅन्स देवनागरी’ असे चांगले देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मोफत उपलब्ध आहेत. ते व्यावसायिक कामातही वापरता येतात.

आणि चोरीच्या प्लग-इनविषयी. ते सर्रास वापरले जाते, हे उघड आहे. पण अशा फाइलीतून व्हायरस येतो आणि महिन्यांचे काम पुसले जाते. शिवाय मोठे स्टुडिओ परवान्याबाबत काटेकोर असतात. ज्याची सवयच चोरीच्या साधनावर बसली आहे त्याला स्वतःचा छोटा व्यवसाय कधीच उजळ माथ्याने उभा करता येत नाही. आणि कायदेशीर मार्ग मोफत उघडा असताना चोरवाटेने जावेच कशाला?

पैशावाचून अडत नाही

हा मार्ग खरोखर उघडा आहे. ‘ब्लेंडर’ पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे आणि त्यात कंपोझिटर अंगभूत आहे. ‘दा विंची रिझॉल्व्ह’च्या मोफत आवृत्तीत २०१८ पासून ‘फ्यूजन’ हे कंपोझिटिंगचे पूर्ण सॉफ्टवेअर येते; त्याला मात्र बरे ग्राफिक्स कार्ड लागते. चित्रपटांच्या स्टुडिओंत चालणाऱ्या ‘न्यूक’ची शिकण्यासाठीची मोफत आवृत्ती मिळते, तिच्यात चित्राचा आकार मर्यादित आहे आणि तिच्यावर पैसे कमावता येत नाहीत, पण शिकायला ती पुरेशी आहे. फ्रान्समधील संशोधन संस्थेत सुरू झालेले ‘नॅट्रॉन’ हे मुक्त सॉफ्टवेअर दिसायला न्यूकसारखेच आहे. यातील फ्यूजन, न्यूक, नॅट्रॉन ही सारी ‘नोड’ पद्धतीची आहेत. आफ्टर इफेक्ट्समध्ये चित्रे पत्त्यांसारखी एकावर एक रचतात. नोड पद्धतीत प्रत्येक क्रिया वेगळ्या खोक्यात दिसते आणि खोकी रेषांनी जोडली जातात. चूक कोठे झाली ते नोडमध्ये चटकन सापडते. शिकणाऱ्याने दोन्ही पद्धती पाहाव्यात, पण चित्रपटाचे काम करायचे असेल तर नोड टाळून चालणार नाही.

म्हणून आमचे पालकांना सांगणे आहे की लाखाची फी भरण्यापूर्वी मुलाला सहा महिने या मोफत साधनांवर बसू द्यावे. सहा महिन्यांनंतरही तो १२० चित्रांचे रोटो चिकाटीने करत असेल, तर त्याच्यावर खर्च करावा. आठवड्यात कंटाळला, तर कर्ज वाचले असे समजावे.

बाजाराचे खरे रूप

या धंद्याची चमक पाहिली, आता सावली पाहू. २०१३ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचा ऑस्कर मिळाला. त्यातला वाघ बहुतांश कॉम्प्युटरवर घडवलेला होता आणि तो घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ या कंपनीच्या शाखा मुंबई-हैदराबादेतही होत्या. पुरस्काराच्या अवघ्या दोन आठवडे आधी या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. समारंभाच्या बाहेर शेकडो कलाकार निदर्शने करीत होते. आत पुरस्कार घेणाऱ्याने कंपनीच्या अडचणीचा उल्लेख सुरू करताच संगीत वाजवून त्याचे भाषण आवरते घेतले गेले. पुढे २०२३ मध्ये हॉलिवूडमधील लेखक आणि नटांच्या संपाने काम आटले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘टेक्निकलर’ समूह कोसळला तेव्हा भारतातील हजारो कर्मचाऱ्यांवर बेकारीची कुऱ्हाड पडली.

भारतात या कामाची बाजारपेठ मोठी आहे, यात शंका नाही. मुंबईत १९९७ साली सुरू झालेल्या ‘प्राइम फोकस’ने ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ (२०१०) सारख्या परदेशी चित्रपटाचे त्रिमितीकरण केले आणि २०१४ मध्ये लंडनच्या ‘डबल निगेटिव्ह’शी हातमिळवणी केली; तीच आजची ‘डीएनईजी’. पण परदेशी चित्रपटांचे जे काम येथे येते त्यात मोठा वाटा रोटो आणि साफसफाईचा असतो. श्रेणीच्या तळाचे, कमी पगाराचे आणि जास्त तासांचे हे काम. आपली मुले याच पायरीवरून आत शिरतात. आणि नेमकी हीच पायरी आता यंत्र खात आहे. आफ्टर इफेक्ट्समधील ‘रोटो ब्रश’, रिझॉल्व्हच्या पैशाच्या आवृत्तीतील ‘मॅजिक मास्क’, न्यूकमधील ‘कॉपीकॅट’ ही साधने माणसाची बाह्यरेषा बऱ्याच अंशी आपोआप काढतात. केस, धूसर हालचाल, गर्दी येथे ती अजून चुकतात आणि चूक ओळखायला माणूसच लागतो. पण तो माणूस रेषा ओढणारा नसेल. कडा बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारा असेल. म्हणजे वर सांगितलेले मूळ ज्ञान ही आता हौसेची बाब उरलेली नाही, पोटाची बाब झाली आहे. ज्याच्याकडे फक्त बटणाची माहिती आहे त्याचे काम यंत्राने आधीच घेतले, असे समजावे.

कामाच्या अटींबद्दलही गप्प राहून चालणार नाही. प्रशिक्षणाच्या नावाखाली बिनपगारी महिने, नोकरी सोडू नये म्हणून बंधपत्र, चाचणीच्या नावाखाली फुकट करून घेतलेले शॉट, अशा तक्रारी या क्षेत्रात ऐकू येतात. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, कळत नसेल तर वकील मित्राला दाखवावा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामाच्या तासांसाठी जे केले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. वातानुकूलित खोलीत बसून माऊस फिरवणाराही कामगारच असतो. अमेरिकेत मार्व्हल स्टुडिओच्या व्हिज्युअल इफेक्ट्स कामगारांनी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एकमताने संघटना स्वीकारली. आपल्या मुलांनी हेही शिक्षणाचा भाग म्हणून जाणून घ्यावे.

काय विचारावे, काय मागावे

खासगी संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न ठामपणे विचारावेत. शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या चित्रपटावर किंवा वाहिनीवर काम केले आहे? सराव कोणत्या फुटेजवर, खऱ्या चित्रीकरणावर की नेटवरून उतरवलेल्या तयार क्लिपवर? अभ्यासक्रमाला शासनाची मान्यता आहे काय? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी असते, हे विसरू नये. भपकेबाज प्रमाणपत्र आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘शंभर टक्के नोकरी’ हे लेखी देणार काय? या प्रश्नांवर तोंड फिरवणाऱ्या संस्थेतून आपणही पाठ फिरवावी. मुंबईची जे. जे. कला संस्था, पुण्याची एफटीआयआय, अहमदाबादची एनआयडी यांच्या प्रवेश परीक्षांची तयारी आपल्या मुलांनी का करू नये, हाही विचार व्हावा. चित्राची समज जेथे घडते ती जागा सॉफ्टवेअरच्या क्लासपेक्षा मोलाची आहे.

शासनाकडेही मागणे आहे. २०२५ मध्ये मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ सुरू झाली आणि महाराष्ट्र शासनाने अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. या नव्या दालनात वस्त्यांतली मुले कोणत्या दाराने शिरणार? फी किती, शिष्यवृत्ती किती, वसतिगृह कोठे, हे प्रश्न आमदार-खासदारांना विचारले गेले पाहिजेत. बार्टीने आणि आपल्या शिक्षणसंस्थांनी मुक्त सॉफ्टवेअरवर मराठीतून कंपोझिटिंगचे वर्ग सुरू केले, तर त्याला परवान्याचा खर्च जवळपास नाही. लागतात चार बरे कॉम्प्युटर, एक हिरवा कपडा, दोन दिवे आणि एक जाणकार शिक्षक. बुद्धविहारात अभ्यासिका चालते, तेथे हाही एक कोपरा होऊ शकतो.

शेवटी मुलांना एकच सांगायचे आहे. मुलाखतीला जाताना दोन मिनिटांची झगमगीत चित्रफीत नेऊ नका. तीस सेकंदांचे, पण सर्वस्वी आपल्या हातचे काम न्या. त्यात मूळ चित्र कसे होते, मॅट कसा काढला, झाक कशी घालवली, रंग कसा जुळवला, हे टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवा. समोरचा विचारेल, “हे कोणत्या प्लग-इनने केले?” तेव्हा प्लग-इनचे नाव सांगता आले तर ठीकच. पण त्यापुढे “ते नसते तर मी हे असे केले असते” हे वाक्य पुराव्यासह बोलता आले पाहिजे. ते बोलता येईल त्या दिवशी तुम्ही कंपोझिटर झालात.